आर-सिक्सला उंच हँडल: सुपरबाईक बार किट बसवल्यानंतर

मी दातांची डॉक्टर आहे. माझं सगळं काम बोटांच्या टोकांवर चालतं. त्यामुळे यामाहा आर-सिक्स या स्पोर्ट बाईकवरून लांब फिरून आल्यावर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर राहायला लागलं, तेव्हा ते अंगावर काढणं मला परवडणारं नव्हतं. गाडी विकायचा विचारही मनात आला नाही. ६०० सीसीचं ते इंजिन वरच्या आरपीएमला जे गातं, तसं मी दुसरं काही चालवलेलं नाही. बदलायचं ते हँडल, एवढं ठरलं. आता उंच, रुंद हँडलचं ‘सुपरबाईक बार’ किट बसवून, सगळे ऋतू त्यावर काढून झाले आहेत, तर जे कळलं ते सविस्तर लिहिते. माझं ठाम मत आधीच सांगते: हे किट म्हणजे आरामासाठी लावायची ॲक्सेसरी नाही. ते लावल्यावर गाडी बदलते, आणि तेवढी तयारी असेल तरच घ्यावं.

आधी दुखण्याबद्दल, कारण बहुतेक जण चुकीच्या गोष्टीवर इलाज करतात. करंगळीकडे जाणारी अल्नर नस तळहाताच्या टाचेतून, करंगळीच्या बाजूने जाते. धडाचा भार तिथे दाबला गेला की ती दोन बोटं बधिर होतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये ही ओळखीची तक्रार आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर प्रश्न मनगटाच्या मधल्या नसेचा, आणि त्यात हँडलच्या उंचीइतकाच मनगट कोणत्या कोनात मुडपतं याचाही वाटा असतो. जेलचे हातमोजे आणि जाड ग्रिप यांनी कंपनं थोडी कमी होतात, भार तेवढाच राहतो. मी दोन्ही वापरून पाहिलेत. (बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही तासन्‌तास राहत असेल तर हँडलच्या आधी डॉक्टर गाठा. हे मी डॉक्टर म्हणूनच सांगतेय.)

स्पोर्ट बाईकची बैठक मुळात चुकीची नाही. वेग वाढला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटावरचा भार आपोआप हलका होतो. ट्रॅकवर हे गणित जुळतं. वाहतुकीत, सिग्नलवर, खराब रस्त्यावर वारा नसतो, मग सगळं धड दोन तळहातांवर येतं आणि समोर बघायला मान मागे मोडावी लागते. आर-सिक्सवर क्लिप-ऑन (हँडलचे दोन सुटे तुकडे) फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, वरच्या प्लेटच्याही खाली, थेट त्या नळ्यांना कवळलेले असतात, आणि सीटची उंची ८५० मिलिमीटर. म्हणजे बूड वर आणि हात खाली.

पर्याय दोन होते. एक, उंच केलेले क्लिप-ऑन. अमेरिकेतली हेलीबार्स यासाठी प्रसिद्ध आहे. यात फोर्कला कवळणारा भाग तसाच राहतो, फक्त पकड वर आणि थोडी मागे येते. बहुतेक गाड्यांवर मूळ केबल आणि होज (ब्रेक ऑईलच्या नळ्या) पुरतात, फेअरिंगला (गाडीच्या पुढच्या कवचाला) हात लावावा लागत नाही, गाडीचा चेहरा तोच राहतो. दुसरा पर्याय म्हणजे पूर्ण किट: फोर्कच्या दोन्ही नळ्यांना वरून धरणारी प्लेटच बदलायची, नव्या प्लेटवर दोन पकडी (क्लँप), आणि त्यांत एकसंध नळीचं रुंद हँडल. जर्मनीतल्या एलएसएल आणि एबीएम या कंपन्या अशी किट बनवतात. तिथे अशा बदलाला कागदपत्रं लागतात, म्हणून सुट्या भागांसोबत प्रमाणपत्रही येतं. तुमच्याकडचे नियम काय आहेत ते विकत घेण्याआधी तपासा, नंतर नको.

मी दुसरा पर्याय निवडला. एकसंध हँडलमध्ये कोन बदलता येतो. पकडीचे बोल्ट सैल करायचे, नळी दोन अंश पुढे-मागे फिरवायची, पुन्हा आवळायचे. मनगटाला त्या दोन अंशांनी पडणारा फरक आणखी वीस मिलिमीटर उंचीनेही पडत नाही. शिवाय हेच हँडल नंतर बदलता येतं: जास्त वाकाचं, कमी वाकाचं, रुंद, अरुंद. साध्या नळीचा व्यास २२ मिलिमीटरचा असतो. मधे जाड आणि टोकांना बारीक होणाऱ्या हँडलचा पकडीतला व्यास २८.६ मिलिमीटर. किट घेतानाच ठरवा, कारण पकडी त्या त्या मापाच्याच येतात. मी जाड नळी घेतली, ती कमी लवते. माझं हँडल या धाटणीतलं सर्वांत कमी उंचीचं आहे, आणि ते पुरेसं आहे.

खरं तर गाड्या बनवणारे कारखानेही हेच करत आले आहेत, स्पोर्ट बाईकलाच उंच हँडल लावून नवी गाडी काढतात. एप्रिलियाची पहिली ट्युओनो म्हणजे जवळजवळ आरएसव्ही मिलेच, उंच हँडल लावलेली. डुकाटीच्या पानिगाले व्ही-फोरमधून स्ट्रीटफायटर व्ही-फोर निघाली तीही याच वाटेने. आणि १९८१ व १९८२ मध्ये अमेरिकेची सुपरबाईक स्पर्धा रेसर एडी लॉसनने जिंकली ती कावासाकीच्या चार सिलिंडरच्या अवजड गाडीवर, रुंद आणि उंच हँडल धरून. ते हँडल तेव्हा आरामासाठी नव्हतं. जड गाडी वळणात लोटायला लांब दांड्याचा जोर लागतो, तो त्यातून मिळायचा.

आता किटबद्दल. प्लेटचं यंत्रकाम अप्रतिम आहे. कडा घासलेल्या, छिद्रं अचूक, फोर्कच्या नळ्यांवर हाताने सरकली आणि कुठेही डगडग नाही. सोबत हँडल, पकडी, स्टीलची जाळी असलेला लांब ब्रेक होज, लांब क्लच केबल, ब्रेक ऑईलच्या डबीसाठी नवा कंस आणि हँडलचं वळण थोडं मर्यादित करणारे दोन छोटे स्टॉपर. ब्रेकचा होज खोक्यात आहे की नाही, हे किट निवडताना मी सर्वांत आधी पाहते. स्वस्तातली किट तो वगळतात आणि लोक मूळ होज ताणून बसवतात. पूर्ण वळणावर ताणला जाणारा ब्रेक होज हा धोका आहे, त्यात तडजोड नाहीच.

सूचनापत्रक मात्र निराशाजनक. चार धूसर चित्रं आणि आवळायचे आकडे. इग्निशन स्विच मूळ प्लेटला चोरी टाळणाऱ्या बोल्टांनी बसवलेला असतो, त्यांना पाना लागतच नाही, ते ड्रिलने काढावे लागतात, याचा उल्लेखसुद्धा नाही. माझ्या मेकॅनिकला ते ठाऊक होतं म्हणून काम अडलं नाही. घरी बसवायचा विचार असेल तर हा भाग आधी नीट समजून घ्या.

दुसरी नाजूक जागा म्हणजे स्विचच्या डब्या. त्यांच्या आत एक छोटी खुंटी असते, ती हँडलमधल्या छिद्रात बसते, म्हणजे ॲक्सिलरेटर वळवताना डबी फिरत नाही. नव्या हँडलला ही छिद्रं नव्हती. आधी गाडी सरळ उभी करून, नेहमीच्या जाकिटात, नेहमीच्या हातमोज्यांत बसायचं. डोळे मिटून हात जिथे सहज पडतात तिथे हँडलचा कोन ठरवायचा. मग स्विच कुठे येतात ते पेन्सिलीने आखायचं आणि शेवटी ड्रिल. मेकॅनिकला घाई होती. मी म्हटलं, "दादा, दात काढायच्या आधी मी एक्स-रे बघते, तसंच हे." तो हसला आणि मला हवा तेवढा वेळ बसू दिलं. खुंटी कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

प्लेट बदलताना पुढचं चाक जमिनीवर असलं तरी चालतं, कारण खालची प्लेट नळ्यांना धरून असते. मात्र नळ्या वरच्या प्लेटच्या वर किती आल्या आहेत ते आधी मोजून ठेवावं लागतं आणि मागे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) हवाच. मधला मोठा नट शंभराहून जास्त न्यूटन-मीटरला आवळला जातो, तो अंदाजाने आवळायची गोष्ट नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. होजच्या जोडाला तांब्याचे वॉशर नवेच घाला, मग ब्रेकमधली हवा काढा आणि लिव्हर दाबून धरून जोड कोरडे आहेत का ते बघा.

सगळं जोडल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायचं. आरपीएम जरासुद्धा वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय असं समजा. मूळ ॲक्सिलरेटर केबल माझ्या गाडीवर पुरली, पण तिची वाट बदलून फोर्कच्या पुढून न्यावी लागली. ब्रेक ऑईलची डबी पूर्ण वळणावर काचेच्या कडेपासून बोटभर अंतरावर थांबते. फुगीर काच लावलेली असेल तर ती घासेल.

मग गाडी चालवली. मनगटावरचा भार पहिल्याच वळणाआधी गेलेला जाणवतो. मान सरळ, खांदे खाली, आरशात स्वतःच्या कोपरांऐवजी मागचा रस्ता दिसायला लागतो. यू-टर्न, जो या गाडीवर मला नेहमी त्रासदायक वाटायचा, आता पाय न टेकता होतो, स्टॉपरमुळे वळण थोडं कमी झालं असूनही. रुंद हँडलला जोर कमी लागतो, त्यामुळे गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे इतकी चटकन पडते की सुरुवातीला हात हलका ठेवायची सवय करावी लागते. करंगळी? बधिरपणा गेला. लांबच्या प्रवासानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रूट कॅनालची बारीक फाईल बोटांत धरताना मला आता काळजी वाटत नाही. माझ्यासाठी किटचे सगळे पैसे इथेच वसूल झाले.

पण याची किंमत पुढच्या चाकाने मोजली. धड मागे गेलं, पुढचा भार घटला. फोर्क आता कमी दबतो, गाडीचं तोंड किंचित वर राहतं, आणि वळणात ती बाहेरच्या बाजूला जायला बघते. टायर काय सांगतोय ते हाताला पूर्वीइतकं स्पष्ट कळत नाही. खडबडीत रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की हँडल हातात थरथरतं. हे किटमधला दोष नाही, भूमितीचा परिणाम आहे, पण किट विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पुढचा प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) कमी करून आणि मी गाडीवर बसलेली असताना फोर्क किती दबतो ते मोजून पुन्हा बसवल्यावर वळणातली अस्वस्थता बरीच गेली. थरथर मात्र स्टीअरिंग डँपरनेच (हँडलचे झटके शोषणाऱ्या भागाने) थांबली. म्हणून हिशेब करताना सस्पेन्शनचं काम आणि डँपर किटच्या किमतीत धरा.

महामार्गावर उलटा अनुभव येतो. पूर्वी जो वारा मला उचलून धरायचा तो आता छातीवर आदळतो, आणि नकळत आपण हँडलला लोंबकळायला लागतो. रुंद हँडलवर ती ओढ थेट पुढच्या चाकात उतरते आणि गाडी हलते. उपाय एकच: गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, हात मोकळे. टाकीवर रबरी पट्ट्या चिकटवल्या, त्यांचा फार उपयोग होतो. कंपनांसाठी हँडलच्या टोकांना जड वजनं लावली. चार सिलिंडरच्या बारीक झिणझिण्या लांब नळीत जास्त जाणवतात आणि किटसोबत आलेली वजनं हलकी होती.

पाय तिथेच आहेत, हेही लक्षात घ्या. फूटपेग उंच आणि मागे, गुडघे पूर्वीइतकेच दुमडलेले, आणि धड सरळ झाल्याने भार आता माकडहाडावर येतो. सीट पुढे उतरती असल्यामुळे सारखं टाकीकडे घसरायला होतं. मी सीट नव्या फोमने सपाट करून घेतली. खाली येणारे फूटपेग मिळतात, पण गाडी वळणात झुकवल्यावर ते रस्त्याला लवकर टेकतात, ते मला नको आहेत. ज्यांचं मुख्य दुखणं गुडघ्यांचं आहे त्यांना हे किट काहीच देणार नाही.

ट्रॅकवर जाणाऱ्यांनी आणि फेअरिंगला हात लावायचा नसलेल्यांनी उंच क्लिप-ऑन घ्यावेत. पाव खर्चात निम्मा आराम मिळतो आणि पुढचं चाक जवळजवळ तसंच राहतं. रोज वाहतुकीतून जाणाऱ्यांनी, मनगट किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी पूर्ण किट घ्यावं, होज आणि केबलसह, आणि सस्पेन्शन जुळवून देणारा माणूस आधी शोधून मगच. पहिल्या लांब फेरीनंतर पकडीचे आणि प्लेटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. माझ्याकडे पकडीचा एक बोल्ट थोडा सैल निघाला होता.