किनारा की कयाक: कोकणात हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी

मोठी बोट, डिझेल आणि खलाशी यांचा खर्च न करता कोकणात हौसेने मासे पकडायचे असतील, तर दोन मार्ग हाताशी आहेत: पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून), खडपावरून (खडकाळ काठावरून) किंवा धक्क्यावरून गळ टाकणे, अथवा वल्ह्याची कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, घेऊन खाडीत उतरणे. बहुतेक जण यांची तुलना किमतीपासून सुरू करतात. माझ्या मते ती राहत्या घरापासून सुरू करावी. किनाऱ्यावरचा रॉड आणि रील काही हजारांत मिळतात आणि एसटीतूनही नेता येतात. मासेमारीची कयाक मात्र साधारणपणे १० ते १३ फूट लांब आणि २५ ते ४० किलो वजनाची असते, पेडलची असेल तर त्याहूनही जड. ती जिन्यावरून उतरवणे, गाडीच्या टपावर बांधणे आणि ओहोटी लागल्यावर गुडघाभर चिखलातून ओढत काठाला आणणे ही कामे जो आनंदाने करील, त्यालाच तिचा उपयोग आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहून महिन्यातून एखादा रविवार काढणाऱ्याची कयाक बहुधा धूळ खात पडते.

मासा कोणता हवा, यावरही बरेच अवलंबून आहे. रावस पुळणीवर फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात शिरतो आणि गोबरा खडपाच्या कपारीत राहतो. दोघांसाठी नऊ-दहा फुटी रॉड आणि पन्नासेक मीटरची फेक पुरते. जिताडा आणि तांबोशी यांची गोष्ट वेगळी आहे. हे मासे तिवरांची मुळे, बुडालेले ओंडके आणि पुलाचे खांब यांच्या आडोशाला दबा धरून असतात, आणि तिथे काठाच्या बाजूने चिखलामुळे पोहोचताच येत नाही. कयाकवरून त्याच मुळांसमोर आवाज न करता थांबता येते व सहा-सात फुटी रॉडने नेमके आमिष टाकता येते. कयाकचा खरा लाभ मला हाच वाटतो. ‘खोल समुद्रात जाता येईल’ हे कारण मी मोजतही नाही. (जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा जिताडा लागला तर तो सोडून देणे शहाणपणाचे.)

भरती-ओहोटीचे गणित दोन्हीकडे लागते, पण चूक झाल्यास शिक्षा सारखी नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा जुना आडाखा मुंबई परिसरात आजही बऱ्यापैकी जुळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. नेमकी वेळ कोष्टकातूनच घ्यावी. मुंबईकडे उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) पाण्याची चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, मालवणकडे ती निम्म्याच्या आसपास राहते, तर भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, चढउतार कमी असते तेव्हा) सगळीकडेच ओढ मंदावते. काठावरच्या माणसाने खडपावर जाताना मागची वाट भरतीने बंद होण्याआधी परत फिरावे, एवढे पाळले आणि लाटांकडे पाठ केली नाही, तर तो बराच सुरक्षित असतो. कयाकवाल्याला मात्र उधाणाच्या ओहोटीत, विशेषतः तिच्या तिसऱ्या-चौथ्या तासात, खाडीच्या मुखाजवळ प्रवाहाविरुद्ध वल्हवणे अशक्य होऊ शकते. म्हणून भरतीबरोबर आत, वरच्या अंगाला जावे आणि ओहोटीबरोबर काठाला यावे; दाभोळची खाडी असो वा जयगडची, हा क्रम उलटा करू नये.

वाऱ्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी सपाट दिसते आणि कयाक नकळत बाहेर सरकते. दुपारी खारा वारा उठला की त्याच पाण्यावर आडव्या लाटा येतात. अकराच्या आत परतणे चांगले. पावसाळ्यात कयाक सरळ घरी ठेवावी. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, हातातल्या गळासाठी नाही, आणि खाडीच्या आतल्या धक्क्यांवर या दिवसांतही मासा लागतो. वर्षभराचा हिशेब केला तर किनाऱ्याला अधिक दिवस मिळतात.

जागा निवडताना दोन गोष्टी विसरू नयेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभाक्षेत्रात मासेमारीला मनाई आहे, मग ती काठावरून असो वा कयाकवरून. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत. तिथे पाण्याशी लागून बसलेल्या कयाकपेक्षा उंच धक्का बरा.

माझा सल्ला असा की नव्या माणसाने पहिले वर्ष एकाच खाडीच्या काठावर काढावे, आणि मध्येच कयाकचा मोह झाला तर एखाद्या स्थानिक मच्छीमाराला मोबदला देऊन त्याच्या उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारा ओंडका जोडलेल्या) होडीतून सकाळभर फिरून यावे. ज्यांचे घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ज्यांना जिताड्याचीच ओढ आहे, त्यांनी कयाक जरूर घ्यावी. जीवरक्षक जाकीट आणि शिटी त्याच खरेदीत घ्यावी, आणि पहिला दिवस गळाविना, कमरेएवढ्या शांत पाण्यात मुद्दाम उलटून पुन्हा वर चढण्याच्या सरावाला द्यावा.