३०१८ सीएनसी राउटर किट: घ्या, पण जशी येते तशी चालवू नका

ऑनलाइन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं-कोरणारं मशीन, शोधायला बसलं की सगळ्यात स्वस्तात हीच सापडते. माप नावातच आहे: बेड ३० बाय १८ सेंटिमीटर, झेड (वर-खाली हालचाल) सुमारे ४५ मिमी. लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक आणि पीसीबीसाठी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांबं चढवलेला बोर्ड) घ्यायला हरकत नाही. जाहिरातीत ॲल्युमिनियम कापताना दाखवतात. कापतेही, पण एका फेरीत ०.१ मिमी, तोवर जेवण करून या.

जोडणीचं पत्रक बोल्ट कुठे लावायचा एवढंच सांगतं. फ्रेमचे बोल्ट आधी सैलच ठेवा, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले की मगच आवळा. झेडचा खांब बेडला काटकोनात आहे का, हे गुण्या लावून पाहा. नसेल तर खाली पत्र्याची पातळ पट्टी सारा. कपलरचा (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, मोटरच्या शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसला पाहिजे. गोल बाजूवर बसवला की तासाभराच्या कामात निसटतो आणि चौकोन तिरपा निघतो. त्यावर थेंबभर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

सेटिंगमध्ये $१०० ते $१०२ इथे, म्हणजे तिन्ही अक्षांना एक मिमी सरकायला किती स्टेप लागतात तिथे, बहुधा ८०० असतं. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरचं (मोटर फिरवणाऱ्या चिपचं) १६ पट विभाजन आणि स्क्रूची लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ४ मिमी, म्हणून ८००. २ मिमी लीडचा स्क्रू आला असेल तर १६०० लागतं. डायल गेज लावून खात्री करा. अक्ष ५ मिमी पुढे नेऊन तितकाच मागे आणा. काटा शून्यावर आला नाही तर तो फरक नटमधल्या ढिलाईचा आहे. पितळी नटांची जोडी आणि मधली स्प्रिंग दाबून ती कमी होते, पण जास्त दाबली तर मोटर अडखळते. सेटिंगचे आकडे बदलून ही ढिलाई जात नाही.

नागपुरात या किटची खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर ४५ अंश, त्यात पत्र्याखालची खोली आणि बोर्डावर ए४९८८ ड्रायव्हर. चिप तापली की स्वतःला बंद करते, थोडी निवली की पुन्हा चालू होते. मधल्या स्टेप गेल्या, हे मशीनला कळतच नाही, कारण परत माहिती देणारं काही तिच्यात नाही. ती निमूटपणे चुकीच्या जागी कोरत राहते. हीटसिंकवर थेट वारा लागेल असा १२ किंवा २४ व्होल्टचा पंखा बसवणं इथे सक्तीचंच समजा. करंटही तपासा. ड्रायव्हरच्या सेन्स रेझिस्टरवर (करंट मोजणारा) आर१०० लिहिलेलं असेल तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.४. म्हणूनच घेताना सुटे, खोबणीत बसवलेले ड्रायव्हर असलेला बोर्ड निवडा. बोर्डावर सोल्डर केलेली चिप जळली तर बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका, ड्रायव्हर जागीच मरतो.

दुसरी डोकेदुखी यूएसबीची. बिट फिरवणाऱ्या ७७५ मोटरच्या (स्पिंडल) ब्रशांच्या ठिणग्यांनी काम अर्ध्यात असताना लॅपटॉपचा संपर्क तुटतो. मोटरच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, वायरी पिळून घ्या, फ्रेमला अर्थ द्या आणि यूएसबी केबल आखूड, फेराइटवाली वापरा. लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारे) लावले तर त्यांच्या वायरी स्पिंडलच्या वायरींपासून लांब ठेवा, नाहीतर मशीन उगाच अलार्ममध्ये जाते.

एमडीएफसाठी ३.१७५ मिमी एंडमिल (कापणारं बिट), खोली ०.५ ते १ मिमी आणि फीड (बिट सरकण्याचा वेग) ५०० मिमी प्रति मिनिट इथून सुरुवात करा. पीसीबीवरचं तांबं जेमतेम ३५ मायक्रॉन जाड असतं, त्यामुळे बेड केसभर वाकडा असला तरी व्ही-बिट (टोकदार बिट) एकीकडे हवेत फिरतं, दुसरीकडे खोल घुसतं. प्रोबने (बिट बोर्डाला कुठे टेकतं ते मोजून) उंचीचा नकाशा घेतल्याशिवाय पीसीबीच्या वाटेला जाऊ नये. ईआर११ कॉलेट (बिट पकडणारी चिरांची बाही) आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवायचा, मग दोन्ही मिळून स्पिंडलवर चढवायचे. उलट केलं तर बिट डोलतं.

पंखा, कपॅसिटर, वायर नागपूरच्या बर्डी बाजारात मिळून जातं. झेडची प्लॅस्टिकची प्लेट मात्र किटसोबतच बदला. हिंगणा एमआयडीसीत १० मिमी ॲल्युमिनियमची करून घेतली तर कोरलेल्या रेघांमधला थरथराट कमी होतो.