११२ व्या पानानंतर पोरीच्या इन्सुलिनचं काय झालं?

मैत्रीण म्हणाली, "वाच, झोप उडेल." झोप उडाली, पण तिला अपेक्षित होती तशी नाही.

जग उद्ध्वस्त झाल्यानंतरची थरारकथा आहे. सुरुवात झकास. वीज गेलीय, फोन मुके झालेत, आणि नायकाच्या सोबत चालणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या दप्तरात इन्सुलिनच्या तीन कुप्या आहेत. तिला टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते रोज टोचावं लागतं. ते वाक्य वाचलं आणि मी उठून बसले. बावीस वर्षं मी स्वतः इन्सुलिन टोचून घेतेय. फ्रिज बंद, बाहेर ऊन, तीन कुप्या... मला आणखी कुठला खलनायक नकोच होता.

फ्रिजबाहेर, फार उकाडा नसेल अशा जागी, कुपी साधारण २८ दिवस वापरावी असं सांगतात. उन्हात तेवढीही खात्री नाही. म्हणून मी समासात पेन्सिलीने दिवस मोजायला घेतले. बाराव्या दिवशी टोळीचा हल्ला. सतराव्या दिवशी पूल कोसळतो. तिसाव्या दिवशी बंकर सापडतो. शुगर तपासायच्या पट्ट्या संपल्या का, एकच सुई किती वेळा वापरली, कुपी ओल्या फडक्यात तरी गुंडाळली का? काही नाही. ११२ व्या पानानंतर दप्तराचाही उल्लेख नाही. पोरगी मात्र नदी पोहून जाते, डब्यातली पाकातली फळं चाटूनपुसून खाते आणि आठ महिन्यांनी शेवटच्या प्रकरणात गवतात बागडते! इन्सुलिन बंद झालं की काही दिवसांतच उलट्या, धापा, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, मग गुंगी. हे लेखकाने कुणालातरी विचारायचं तरी.

तिला मारायला हवं होतं असं मी म्हणत नाही. वाचवायचीच होती तर वाचवण्याची गोष्ट सांगायची. मडक्यात मडकं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली की आत गारवा राहतो, वीज नसलेल्या ठिकाणी लोक असंच इन्सुलिन सांभाळतात. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या एव्हा सॅक्सलला इन्सुलिन मिळेनासं झालं, तेव्हा तिने आणि तिच्या नवऱ्याने म्हशींच्या स्वादुपिंडापासून ते तयार केलं. आधी सशांवर तपासलं, मग तिने स्वतःला टोचून घेतलं. त्या पहिल्या सुईच्या वेळी त्या खोलीत काय अवस्था असेल! आमच्या लेखकमहाशयांनी तेवढ्या जागेत बंदुकांची नावं दिलीत. ती मात्र अगदी बिनचूक असावीत, पानंच्या पानं आहेत.

बंकरमधल्या प्रेमप्रकरणाबद्दल न बोललेलं बरं.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही पहिल्या ११२ पानांचे. पुस्तक मैत्रिणीला परत द्यायचंय आणि समासातले आकडे अजून खोडलेले नाहीत.