दारावरची कॅमेऱ्याची बेल : पूर्व ओकलंडमधील वापरानंतरचे मत

कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या पूर्व भागात राहणाऱ्या कुटुंबासाठी कॅमेऱ्याची बेल ही चैन राहिलेली नाही. गाड्यांच्या काचा फोडून सामान पळवणे येथे इतके नित्याचे झाले की, इन-एन-आउट या लोकप्रिय बर्गर साखळीने विमानतळाजवळच्या हेगनबर्गर रस्त्यावरील उत्तम चालणारे उपाहारगृह ग्राहकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन मार्च २०२४ मध्ये बंद केले. दारात ठेवलेले पार्सल संध्याकाळपर्यंत तिथेच असेल याची शाश्वती नसते, म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारी बेल लावून घेतली.

उपकरण म्हणून ती चांगली आहे. दिवसा चित्र स्वच्छ दिसते आणि रात्री दारासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो. रस्ता रहदारीचा असेल तर कॅमेरा सतत जागा राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे जुन्या बेलची तार उपलब्ध असेल तर तारेवर चालणारीच बेल घ्यावी. सर्वांत उपयोगी पडते ती दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात आणि त्यांना इंग्रजी जेमतेम समजते. बेल वाजली की मी कचेरीतूनच उत्तर देते, आणि त्यांना दाराजवळ जावेही लागत नाही.

अडचण आहे ती सूचनांची. पायऱ्यांसमोरून कोणीही गेले की फोन वाजतो आणि ‘व्यक्ती आढळली’ असे सांगतो. शाळेतून परतणारी मुले, कुत्र्याला फिरवणारे गृहस्थ, पत्रके वाटणारी मुलगी हे सगळे एकाच सुरात येतात, आणि कारण नसताना प्रत्येकाकडे निरखून पाहिले जाते. साताऱ्यात दिवेलागणीपर्यंत दार उघडे ठेवणाऱ्या सासूबाई काही आठवड्यांतच रोजच्या पोस्टमनलाही प्रतिसाद देईनाशा झाल्या. त्यांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. पत्ता विचारण्याच्या किंवा आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने जवळ येऊन, गळ्यात खोटी माळ घालताना खरे सोने उतरवून नेण्याचे प्रकार बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या, ओकलंडसह असलेल्या शहरांतील) दक्षिण आशियाई वृद्धांच्या बाबतीत घडले आहेत आणि पोलिसांनी तसे इशारेही दिले आहेत. तरीही खऱ्या धोक्याची जाण असणे वेगळे आणि दिवसभर परक्या माणसांची दृश्ये पाहत बसणे वेगळे.

वर्तनशास्त्रज्ञ डॅनियल नेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही जणांना बसने गरीब आणि गुन्हेगारीग्रस्त वस्तीत, तर काहींना सुखवस्तू वस्तीत नेले आणि घरोघरी पाकिटे टाकण्यास सांगितले. तासाभराहून कमी वेळ तिथे घालवल्यानंतर पहिल्या गटातील लोकांचा इतरांवरील विश्वास कमी आणि संशय अधिक आढळला, म्हणजे दोन्ही वस्त्यांतील कायमच्या रहिवाशांत जो फरक होता तोच पाहुण्यांतही उमटला. रस्त्यावरच्या खुणांचा परिणाम इतक्या लवकर होत असेल, तर तोच रस्ता दिवसभर फोनवर पाहणाऱ्याचे काय होत असेल? कॅथरीन रॉस, जॉन मिरोव्स्की आणि शाना प्रिबेश या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील पाहणीवरून २००१ मध्ये मांडले की, धोका टाळणे आपल्या हाती नाही ही भावना वस्तीतील अविश्वास आणखी वाढवते. ही बेलही नेमके तेच करते. ती धोका दाखवते, पण करण्याजोगे फारसे काही हाती देत नाही. म्हणूनच बोलण्याची सोय मोलाची आणि नुसती सूचना घातक ठरते.

अशा बेलसोबत येणारा किंवा वेगळा घेता येणारा शेजाऱ्यांच्या इशाऱ्यांचा ॲप मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अनोळखी तरुण फिरताना दिसला’ अशा नोंदींत अनेकदा गुन्हा नसतोच, असतो तो फक्त कातडीचा रंग. ओकलंडमधील रहिवाशांनीच याविरुद्ध आवाज उठवल्यानंतर नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांसाठीच्या समाजमाध्यमाने २०१६ मध्ये आपला तक्रारीचा अर्ज बदलला आणि वंशाचा उल्लेख करणाऱ्याला कपडे, केस, पादत्राणे असे इतर तपशीलही देणे भाग पाडले. त्या बदलामागे याच शहरातील सामान्य माणसे होती, याचा मला अभिमान वाटतो.

आम्ही हालचालीच्या सूचना बंद केल्या, चित्रण चालू ठेवले आणि कॅमेऱ्याची कक्षा पायऱ्यांपुरती आखून घेतली. आता फोन वाजतो तो कोणी खरोखर बेल दाबली तरच. शेजारच्या मेक्सिकन आजींशी सासूबाईंची ओळख करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण कोणता मुलगा कोणाच्या घरचा हे आजींनी हातवारे करून सांगितल्यापासून सासूबाई संध्याकाळी पायऱ्यांवर बसू लागल्या आहेत. तो बदल कोणत्याही उपकरणाने घडवला नसता.

पार्सलांसाठी आणि घरी एकट्या असणाऱ्या वृद्धांसाठी ही बेल अवश्य घ्यावी, मात्र वरील बदल पहिल्याच दिवशी करून. चित्रण कोण पाहू शकते हेही तपासावे. अशा बेल बनवणाऱ्या रिंग कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी दृश्ये पाहू दिली, असा आरोप ग्राहकांचे हित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये केला होता आणि ते प्रकरण ५८ लाख डॉलरांवर मिटले. त्यामुळे दोन टोकांमधील संपूर्ण कूटबद्धतेची (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे चित्रण कंपनीलाही उघडता येऊ नये अशी) सोय असलेलीच बेल निवडावी, आणि घर भाड्याचे असेल तर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी.