लेलिट बियांका: वर्षभर पॅडल फिरवल्यावर

कोथरूडच्या घरी हे एस्प्रेसो मशीन येऊन वर्ष झालं. आधीचं साधं होतं, बटण दाबलं की थेट ९ बार प्रेशर, आणि चिकमगळूरचं लाइट रोस्ट (कमी भाजलेली कॉफी) लावलं की इतकं आंबट व्हायचं की आई एक घोट घेऊन कप बाजूला सरकवायची.

बियांकाच्या ग्रुपवर, म्हणजे कॉफीवर गरम पाणी सोडणाऱ्या पुढच्या भागावर, लाकडी पॅडल आहे. त्याने प्रेशर कंट्रोल होतं असं सगळे म्हणतात, पण पॅडल फक्त पाणी कमी-जास्त सोडतं, प्रेशर तयार होतं ते दाबलेली कॉफी पाण्याला अडवते म्हणून. हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले. दळण जाड असेल तर पॅडल पूर्ण उघडलं तरी प्रेशरचा काटा ९ ला जाणारच नाही. आणि पंपाच्या गेजकडे बघत बसू नका, पॅडल जवळजवळ बंद असलं तरी तो ९ च्या आसपासच दाखवतो, कॉफीवर काय चाललंय ते ग्रुपवरच्या छोट्या गेजवर कळतं.

माझा रोजचा शॉट १८ ग्रॅमचा, दळण आधीपेक्षा बारीक. पॅडल जरासं उघडून काटा २-३ बारवर धरतो आणि बॉटमलेस पोर्टाफिल्टरखाली (कॉफी भरायचा दांडा, खालून उघडा) वाकून बघत राहतो, जाळीवर आधी कडेने काळे ठिपके येतात मग मधे, सगळी जाळी ओली झाली की, म्हणजे साधारण १० सेकंदांनी, हळूहळू उघडत ८-९ ला न्यायचं. इथे घाई केली की एका बाजूने पिचकारी उडालीच. अर्ध्याच्या पुढे कॉफीचा पाण्याला अडवायचा जोर कमी होतो, धार फिकट होऊन पळायला लागते, तेव्हा पॅडल परत मागे घेत ५-६ वर, आणि कपात ३६ ग्रॅम कॉफी आली की बंद. या मागे घेण्यानेच तोंडात रेंगाळणारा कडवटपणा गेला, पॅडलचे पैसे माझ्या मते इथे वसूल होतात. "आज आंबट नाही लागत रे," म्हणत आईने कप संपवला तेव्हा मला किती बरं वाटलं!

गरम व्हायला चांगला अर्धा तास लागतो. पाहुणे असले की प्रत्येक शॉट हातानेच, पाचवा पहिल्यासारखा येईलच असं नाही. डार्क रोस्ट आणि दूध एवढंच पीत असाल तर पॅडलवर पैसे घालू नका, मशीन लाखांत जातं.

पुणेकरांनो, पाणी सांभाळा. मे महिन्यात सोसायटीत टँकर आला, मी तेच जड पाणी मशीनच्या टाकीत भरत राहिलो, आणि पुढे पुढे पॅडल त्याच जागी असूनही काटा २ ला चढेना. उघडल्यावर पॅडलच्या व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत पांढरा क्षार निघाला. आता दर रविवारी पोर्टाफिल्टर न लावता पॅडल ठरलेल्या खुणेवर ठेवतो, १० सेकंद पाणी सोडून वजन करतो, आकडा कमी आला की डिस्केलिंगची (क्षार काढायची) वेळ झाली.