बडोद्यातलं आयुष्मान कार्ड: दहा लाखांत काय बसतं, काय नाही

निकाल आधीच सांगतो. तुमचं कुटुंब पात्र असेल तर गुजरातचं पीएमजेएवाय-मा कार्ड काढाच. केंद्राची आयुष्मान भारत (पीएमजेएवाय) आणि गुजरातची जुनी ‘मा’ या दोन योजना मिळून झालेलं हे आयुष्मान कार्ड, कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंत. ऑपरेशन, डायलिसिस, केमो यांसाठी याहून बरी सोय सामान्य माणसाला सध्या नाही. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या. हे कार्ड आजारपणाचे पैसे देत नाही, पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराच्या ठरलेल्या दराचे देतं. म्हणजे दवाखान्यात भरती व्हावं लागतं, उपचाराला यादीत कोड असावा लागतो आणि त्या कोडला मंजुरी मिळावी लागते. यातलं एक जरी अडलं तरी दहा लाखांचा आकडा जाहिरातीतच राहतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, दात, नुसता एमआरआय, डॉक्टरची तपासणी फी हे सगळं खिशातून. ज्या घरात आजारपण म्हणजे दरमहा औषधाचं बिल, त्या घराला हे कार्ड वर्षानुवर्षं उपयोगी पडणार नाही, आणि मग एके दिवशी एकदम पडेल.

बडोद्याच्या दांडियाबाजारात दोन मतांची माणसं एकत्र बसली की या योजनेवरून जुंपते ती बहुधा ‘ही कोणाची?’ यावर. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत पंतप्रधानांनी सुरू केली, हे खरं. त्याआधी २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, कुटुंबातल्या पाच जणांना मिळून वर्षाला ३० हजार, तीही यूपीएच्या काळातली, हेही खरं. आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री आली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. गुजरातची मुख्यमंत्री अमृतम, म्हणजे ‘मा’, ही पण २०१२ चीच. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मा कार्ड’च आहे ते त्यामुळे. बारशाचा हा वाद सोडून द्या, त्यातून कुणाचं बिल फिटत नाही.

खरा मतभेद वेगळा आहे आणि तो कामाचा आहे. काँग्रेसच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात विम्याच्या वाटेला विरोध होता. आरोग्यसेवेचा कायदेशीर हक्क आणि सरकारी खर्च जीडीपीच्या ३ टक्क्यांपर्यंत, असं त्यांचं म्हणणं. सरकारी दवाखाने सुधारा, खासगीकडून ऑपरेशनं विकत घेऊ नका. भाजपचं म्हणणं असं की सरकारी खाटा वाढेपर्यंत गरिबाने थांबायचं का, पैसा रुग्णामागे जाऊ द्या, दवाखाना तो निवडेल. मोदी सरकारच्याच २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत खर्च २.५ टक्क्यांवर नेण्याचं लिहिलं होतं, हे विरोधक मुद्दाम आठवून देतात. गंमत म्हणजे गुजरातच्या २०२२ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी एकच आकडा दिला. काँग्रेसने १० लाखांपर्यंत मोफत उपचार म्हटलं, भाजपने ५ चे १० लाख करू म्हटलं. ११ जुलै २०२३ पासून ते झालेही. बडोद्यापुरतं बोलायचं तर सयाजी आणि गोत्री या सरकारी हॉस्पिटलांनाही याच कार्डातून पॅकेजचे पैसे मिळतात, त्यामुळे ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्न जाहीरनाम्यात दिसतो तितका सरळ राहत नाही.

आता कार्ड काढणं. पात्रतेच्या वाटा तीन-चार आहेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात नाव असणं ही मूळची. गुजरातने त्यात ‘मा’ची भर घातली: वर्षाला ४ लाखांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबं, आणि ज्येष्ठांसाठी ६ लाखांपर्यंत. आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या २०२४ मध्ये आत आल्या. मधल्या वर्गातल्या बहुतेकांची वाट उत्पन्नाच्या दाखल्याची. आवकनो दाखलो नर्मदा भुवनातल्या जनसेवा केंद्रातून काढायचा. त्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपली की कार्ड निष्क्रिय होतं आणि हे कळतं ते नेमकं भरतीच्या खिडकीवर. दाखल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मुदतीच्या महिनाभर आधीच नवा काढा.

मोबाइलवर आयुष्मान ॲप घ्या, लाभार्थी म्हणून ओटीपीने आत जा, राज्य आणि जिल्हा निवडा, आधार किंवा कुटुंबाच्या क्रमांकाने शोधा. नाव दिसलं तर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा. ती आधारच्या ओटीपीने, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने होते. मग समोरासमोर फोटो. यंत्रणा आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव ताडून पाहते. जुळणी ८० टक्क्यांच्या वर गेली तर कार्ड आपोआप मंजूर होतं, खाली राहिली तर राज्याच्या आरोग्य एजन्सीकडे हाताने तपासायला जातं आणि तिथे दिवस मोडतात. मराठी घरांचं घोडं इथेच अडतं. रेशनकार्डावर ‘सुरेशभाई’ आणि आधारवर ‘सुरेश’, एकीकडे ‘आनंदराव’ आणि दुसरीकडे नुसता ‘आनंद’, बायकोच्या नावापुढे कुठे ‘बेन’ कुठे ‘बाई’, आडनाव कधी आधी कधी शेवटी. शिवाय गुजरातीतून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं ते वेगळंच. उपाय एकच, रेशनकार्ड आधी आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मग ॲप उघडा. उलट क्रमाने गेलात तर नाकारलेला अर्ज पुन्हा उभा करण्यात जास्त वेळ जातो. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड स्वतंत्र निघतं. कर्त्याचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असा समज फार आहे आणि तो चुकीचा आहे. लग्न होऊन आलेली सून आणि नवं बाळ यांची नावं वेगळी जोडावी लागतात.

कार्डाला फी नाही. दीड-दोन हजारांत ‘आज संध्याकाळी देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर उठून चालते व्हा. अपात्र माणसाचं बनावट कार्ड तपासात सापडलं की उपचाराच्या मध्यावर बंद होतं.

हॉस्पिटल निवडताना ‘आयुष्मान चालतं का?’ एवढंच विचारू नका. संलग्नता विभागवार असते. एखाद्या ठिकाणी हाडांसाठी चालेल, हृदयासाठी नाही. तुमच्या विशिष्ट उपचारासाठी चालतं का, हे तिथल्या आरोग्य मित्राला विचारा. हा माणूस योजनेच्या खिडकीवर बसतो, त्याच्याशी बोलल्याशिवाय भरती होऊ नका. तो ओळख पटवतो, डॉक्टर निदान आणि पॅकेज ठरवतात, रिपोर्ट चढवले जातात आणि पूर्वमंजुरीची विनंती जाते. विनंती परत येते, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘क्वेरी पडते’, ती बहुतेक वेळा किरकोळ कारणांनी: तारीख नसलेला एक्स-रे, सही नसलेली सोनोग्राफी, निदानाशी न जुळणारा कोड. म्हणून आधीचे सगळे रिपोर्ट मूळ प्रतीसह न्या, मोबाइलमधले फोटो पुरत नाहीत.

पॅकेजमध्ये खाट, जेवण, डॉक्टर, भूल, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट हे सगळं येतं. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस यांची औषधंही धरलेली आहेत. दवाखान्यातून घरी सोडतील त्या दिवशी ही १५ दिवसांची औषधं मागून घ्या, न मागता देणारे थोडे. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून चालतो, वयाची आणि माणसांच्या संख्येची अट नाही. एकाच वेळी दोन ऑपरेशनं झाली तर दवाखान्याला मोठ्याचे पूर्ण, दुसऱ्याचे निम्मे आणि तिसऱ्याचे पाव पैसे मिळतात. ‘दुसरं नंतर करू, परत भरती व्हा’ असा सल्ला मिळाला तर त्यामागे वैद्यकीय कारण आहे की हे गणित, ते विचारायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार वरच्या पैशांची. ‘चांगला स्टेंट हवा असेल तर फरक भरा’, ‘डिपॉझिट ठेवा, मंजुरी आली की परत’. योजनेत रुग्णाने फरक भरण्याची तरतूदच नाही. पैसे मागितले तर पावती मागा. पावती द्यायला नकार हीच खूण समजा. १४५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीचे प्रमुख कलेक्टर असतात. रुग्ण भरती असतानाच केलेली तक्रार चटकन हलते, घरी आल्यावरची रेंगाळते.

दवाखाने असं का वागतात, याचं उत्तर दरांत आहे, आणि इथे दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते सोयीचं तेवढंच सांगतात. २०१८ च्या पहिल्या यादीत सिझेरियनला ९ हजार धरले होते. कुठल्याही खासगी प्रसूतिगृहात विचारा, ते काय म्हणतील. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरातने डायलिसिसचा दर २,००० वरून १,६५० वर आणला तेव्हा किडनीतज्ज्ञांनी तीन दिवस योजनेचं डायलिसिस थांबवलं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर बसणाऱ्या माणसाला हा वाद म्हणजे जिवाशी खेळ. नियम सांगतो की दवाखान्याचा दावा राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाचा ३० दिवसांत चुकता व्हावा. तो थकला की खासगीवाले ‘आज खाट नाही’ म्हणायला लागतात. त्यामुळे डायलिसिस आणि केमोच्या रुग्णांनी दुसरा एक दवाखाना, शक्यतो सरकारी, हाताशी ठेवावा.

उलट टोकही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलने मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात शिबिर घेतलं, १९ जणांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट घातले आणि दोघं दगावले. त्यानंतर राज्याने नियम आवळले. अँजिओग्राफीची चित्रफीत जोडणं आणि कॅन्सरच्या उपचाराआधी डॉक्टरांच्या मंडळाचं मत घेणं आलं. मंजुरीला आता थोडा जास्त वेळ लागतो तो यामुळे, आणि तो लागलेला बरा. फुकट शिबिरातून थेट गाडीत बसवून नेत असतील तर जाऊ नका. अँजिओग्राफीची सीडी हातात घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, ऑगस्ट २०२३ चा अहवाल विरोधक हमखास काढतात: ७ लाख ४९ हजारांवर लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले, आणि नोंदीत मेलेल्या रुग्णांच्या नावेही उपचार. सरकारचं उत्तर असं की ओळख आधारने पटते, मोबाइलला त्यात जागा नाही. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण तुमचा स्वतःचा क्रमांक नोंदवलेला असेल तरच तुमच्या कार्डावर कुणी उपचाराचे पैसे काढल्याचा संदेश तुम्हाला येईल. एजंटने स्वतःचा नंबर टाकलेला नाही ना, ते ॲपमध्ये पाहून घ्या.

सत्तरीवरच्यांचं प्रकरण निराळं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वयवंदना कार्ड मिळतं, नुसत्या आधारवर. केंद्राच्या नियमाने ५ लाखांचं संरक्षण, घरातल्या सत्तरीवरच्यांत मिळून. कुटुंब आधीच योजनेत असेल तर हे वेगळं धरलं जातं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना ती योजना आणि हे कार्ड यांतलं एक निवडावं लागतं. ईएसआयसीवाले, म्हणजे कामगार विम्यातले, आणि खासगी मेडिक्लेमवाले दोन्ही ठेवू शकतात. निवड करताना घाई नको. ओपीडी आणि औषधं मिळणारं सीजीएचएस सोडून फक्त भरतीचं कार्ड घेणं हा तोट्याचा सौदा आहे. मेडिक्लेमही बंद करू नका. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा म्हणून २०२४ मध्ये नितीन गडकरींनी स्वतःच्याच सरकारला पत्र लिहिलं होतं आणि विरोधी खासदारांनी संसदेबाहेर तेच फलक धरले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा तो कर शून्य झाला आहे.

बाहेरगावी नातेवाइकांकडे राहणाऱ्यांनी एक पाहावं. कार्ड देशभर चालतं म्हणतात, पण ते त्या राज्याने योजना घेतली असेल तरच. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. ओडिशा जानेवारी २०२५ मध्ये आणि दिल्ली एप्रिल २०२५ मध्ये आत आली, दोन्हीकडे सरकार बदलल्यावरच. पुण्या-मुंबईला मुलाकडे जाणार असाल तर तिथलं हॉस्पिटल केंद्राच्या यादीत आहे का, हे निघण्याआधी १४५५५ वर विचारा, आणि दुसऱ्या राज्यातली मंजुरी गुजरातकडूनच यायची असल्याने एखादा दिवस जास्त धरून चला.