कापडी हातमोजे, रबरी हातमोजे की नुसतं खोबरेल? निंदणाला जाण्याआधी

पोळा जवळ आला की आमच्या धुऱ्यावरचं गाजर गवत कमरेला लागतं आणि काकूच्या पापण्या सुजतात. "काहून वं, रडली का रात्री?" शेजारीण विचारते. तीन वर्षं काकूनं वांग्याच्या भाजीवर खापर फोडलं. मग लक्षात आलं, सोमवारी गवत उपटलं की खाज बुधवारी सुटते. स्पर्शाची ॲलर्जी अशीच एक-दोन दिवस उशिरा उठते, म्हणून चोर सोडून भलताच धरला जातो. सोड्यानं, फिनाईलनं होणारी आग वेगळी: ती बहुतेक लगेच होते आणि जास्त वेळ हात राहिला तर कुणालाही होते.

आता मोज्यांचं. कापडी मोजे स्वस्त, हवेशीर, आणि कापूस वेचताना उत्तम, कारण बोंडाची टोकं बोचत नाहीत आणि बोटांना कापूस कळतो. पण कापड ओलं झालं की उलटा खेळ. गवताचा चीक, दव, घाम सगळं पिऊन ते तासभर कातडीला चिकटून बसतं. फवारणीला तर कापडी मोजे घालूच नयेत. औषधात भिजलेलं कापड हातावर बांधून फिरण्यापेक्षा उघडा हात लगेच धुतलेला परवडला. फवारणीसाठी नायट्राइलचे (औषध सहज आत न झिरपणाऱ्या कृत्रिम रबराचे), कोपराकडे येणारे मोजे घ्या. भांड्यांचे पातळ रबरी मोजे त्या कामाचे नाहीत.

रबरी मोजे धुण्याभांड्याला चांगले, गोठ्यालाही. अडचण घामाची. आमच्याकडच्या उन्हात अर्ध्या तासात आत डबकं होतं, आणि त्या ओलीनंच बोटांच्या बेचक्यात कातडी सोलते. आत पातळ सुती मोजा घाला, तो ओला झाला की बदला. काहींना रबराचीच ॲलर्जी असते. मोज्याची कड लागते तिथपर्यंतच पुरळ थांबला असेल तर ओळखा.

खोबरेल म्हणाल तर ते कोरड्या, भेगाळ हाताला मऊ ठेवतं, म्हणून काम संपल्यावर, हात धुऊन, ओलसर असतानाच लावा. पेट्रोलियम जेली जास्त वेळ टिकते, पण चिकट लागते म्हणून आमच्या घरात कुणी लावत नाही. तेलानं ॲलर्जी अडत नाही. हळद, लिंबू, कडुलिंबाचा लेप चिडलेल्या कातडीवर नको.

गाजर गवतापुरतं माझं मत विचाराल तर नुसत्या मोज्यांवर भिस्त ठेवू नका. १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेलं हे गवत हातापेक्षा तोंडावर जास्त खेळतं. त्याचा भुसा हवेत उडतो आणि पापण्या, मान, कोपराची घडी इथे बसतो. वाळलेलं गवतही सोडत नाही, म्हणून पेटवू नका. पावसाची पहिली झड गेल्यावर, फुलं येण्याआधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला दुपट्टा, आणि घरी आल्या आल्या साबणानं आंघोळ. तो दुपट्टा तसाच उशाशी ठेवायचा नाही. काकू नेमकी तेच करत होती.

बिब्याची तऱ्हा न्यारी. गोडंबी, म्हणजे बिब्याच्या बीतला गर, काढणाऱ्या बायांची काळी, सोललेली बोटं पाहिली आहेत मी. तिथे ज्याला एकदा उतला त्यानं दूर राहणंच बरं. मोजे घालून गर काढायला जमत नाही.

मलमाबाबत दोनच रस्ते दिसतात: मेडिकलवरची "सगळ्या खाजेची" ट्यूब किंवा डॉक्टर. ट्यूबनं दोन दिवसांत आराम पडतो, हे खरं. पण तिच्यात बहुधा तेज स्टेरॉइड असतं. पापणीवर, गालावर ते आठवडे लावलं की कातडी पातळ होते, आणि खाज गजकर्णाची असेल तर ते दबल्यासारखं दिसून पसरतच राहतं. काकूच्या वेळी आम्हालाही अशीच ट्यूब मिळाली, डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितली नाही, तरी २०१८ पासून अशा बऱ्याच मलमांना ती लागते. पापण्या सुजल्या, पाणी सुटलं, ताप आला तर डॉक्टरच गाठा.

चोर सापडतच नसेल तर पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते कातडीवर तपासणं. नागपूर, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा विभाग आहेत. टेस्ट कधी करतात ते आधी विचारून जा. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, त्या दोन दिवस राहतात. शेवटची तपासणी होईपर्यंत पाठ भिजवायची नाही, घामही नको. म्हणून मे महिन्यात जाऊ नका. दिवाळीनंतर, कापसाच्या दोन वेच्यांच्या मधला आठवडा बघा, आणि पाठ पुरळानं भरलेली असताना नको.